रत्नागिरींतील एक दिवस

ग्रीस देशाच्या उत्तर भागांत नाउसा नांवाचें एक जुनें गांव आहे. डोंगराच्या उतारावर वसलेल्या या गांवाभोंवतीं द्राक्षांचे मळे पसरलेले असून तेथील तांबडा द्राक्षारस गांवाच्याच नांवानें देशोदेशीं जातो. बाटलीवरचें नांव वाचून एखादा प्रवासी तेथें एक दिवस घालविण्याकरितां जातो. जवळच मिएझा येथें, झऱ्यांच्या कांठीं, आरिस्टॉटलनें कोंवळ्या वयाच्या अलेक्झांडरला धडे दिले असें त्याला तेथील लोक सांगतात. तुर्की सत्तेविरुद्ध उठल्याबद्दल १८२२ सालीं हें गांव उद्ध्वस्त करण्यांत आलें, हेंहि त्याला तेथेंच कळतें. परत आल्यावर बाटलीवरचें नांव तेंच असतें, पण वाचणारा तोच राहिलेला नसतो.

श्रोतेहो, इतक्या दूरचें उदाहरण देण्याचें कारण असें कीं, आपल्या रत्नागिरीची गोष्ट याहून निराळी नाहीं. मुंबई-पुण्याच्या घरांतून या गांवाचें नांव निघतें तें बहुधा चैत्र-वैशाखांत, आणि तेंहि आंब्याच्या पेटीवर छापलेलें असतें म्हणून. पेटी उघडते, गवतांतला हापूस हाताळला जातो, भावाची चर्चा होते, आणि पेटीबरोबर गांवहि पुढील हंगामापर्यंत माळ्यावर जाऊन पडतें. त्यांतून, पेटीवरचें नांव आणि पेटींतला आंबा यांची ओळख असतेच असेंहि नाहीं. दक्षिणेकडील कित्येक आंबे या गांवाच्या नांवावर सुखानें खपतात. २०१८ सालीं हापुसाला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो कोंकणांतील पांच जिल्ह्यांना मिळून. ‘हापूस’ हा शब्दहि मूळचा येथला नव्हे. आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नांवावरून तो आला, असें मानतात. कलमें बांधण्याची कला पोर्तुगीजांनीं गोव्यांत रुजविली आणि तेथून ती या कातळावर चढली. परक्याचें नांव घेऊन आलेलें झाड येथें इतकें रुळलें कीं तें आतां या मातीचीच खूण होऊन बसलें आहे.

परक्याला आपलेंसें करून टाकण्याची ही खोड या गांवाला आंब्यापुरतीच आहे कीं काय, हें पाहावयाचें असेल तर प्रवाशानें रत्नागिरीला एक सबंध दिवस द्यावा. समुद्रस्नान आणि मासे यांसाठीं येणारे पुष्कळ. त्यांना अर्धा दिवसहि पुरतो. परंतु जो पहांटेच्या गाडीनें उतरतो व रात्रीच्या गाडीनें परततो, त्याला बारा-चौदा तासांत एक फार विलक्षण हिशेब पाहावयास मिळतो.

ही आगगाडी मात्र अगदीं अलीकडची. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली. त्यापूर्वीं पाठीशीं सह्याद्रीची भिंत, समोर समुद्र, आणि दोहों बाजूंना आडव्या आलेल्या खाड्या, अशा कोंडींत हें गांव शतकानुशतकें बसलें होतें. मुंबईहून यावयाचें तर आगबोटीनें. आणि ज्येष्ठांत दर्या खवळला कीं तीहि बंद. मग नारळीपौर्णिमेनंतर दर्या शांत होईपर्यंत समुद्राची वाट मिटलेली. घाटांतून बैलगाडीनें जाणें म्हणजे दिवसांचें काम. अशी जागा व्यापाऱ्याला गैरसोयीची खरी. पण राज्यकर्त्याला तिचा एक निराळाच उपयोग सुचला. ज्याला मारतां येत नाहीं, आणि ज्याला लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवणेंहि परवडत नाहीं, अशा माणसाला कोठें ठेवावें? इंग्रजांनीं नकाशावर बोट ठेवलें तें येथें.

प्रवाशानें सकाळ किल्ल्यावर घालवावी, कारण ऊन चढल्यावर तेथील कातळ पाय टेकूं देत नाहीं. रत्नदुर्ग हा तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला. बाले किल्ल्यांत भगवतीचें देऊळ आहे. पलीकडच्या टेकडीवर दीपगृह आहे. बिजापूरकरांकडून शिवाजी महाराजांकडे, पुढें आंग्र्यांकडे, मग पेशवाईंत, आणि १८१८ सालीं इंग्रजांकडे, असा याचा प्रवास झाला. तटावर उभें राहिलें कीं एका अंगाला मिरकरवाड्याचें बंदर दिसतें. रात्रभर समुद्रांत असलेल्या होड्या त्या वेळीं परतत असतात. टोपल्या उतरतात, लिलांवाचा गलका होतो, आणि वाऱ्याबरोबर तो वास वर देवळापर्यंत येतो. देवीला त्याची संवय असावी. दुसऱ्या अंगाला मोकळा अरबी समुद्र. या तटावरून पाहतांना एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: किल्ला बांधणाऱ्यांचे डोळे समुद्राकडे होते, शत्रु तिकडून येईल म्हणून. इंग्रजांच्या काळांत तोच समुद्र आंतल्या माणसांना बाहेर जाऊं न देण्याच्या कामीं आला.

किल्ल्यावरून उतरून गांवांत यावें. चिऱ्याचे गडगे, त्यांवर वाळलेलें शेवाळ, नारळी-पोफळींच्या आडून दिसणारीं कौलें, आणि चढउतारांच्या अरुंद वाटा. इतक्या नवीन इमारती उठूनहि जुन्या आळ्यांतून हें रूप अजून सांपडतें. टिळक आळींतील एका कौलारू घरांत २३ जुलै १८५६ रोजीं बाळ गंगाधर टिळक जन्मले. त्यांचे वडील गंगाधरपंत येथें शिक्षक होते. १८६६ सालीं त्यांची पुण्यास बदली होईपर्यंत, म्हणजे वयाचीं पहिलीं दहा वर्षें, टिळकांचे दिवस रत्नागिरींत गेले. हें घर आतां राज्याच्या पुरातत्त्व खात्यानें स्मारक म्हणून जतन केलें आहे. ओटी, माजघर, मागचें अंगण. कोंकणांतल्या कोणत्याहि मध्यम स्थितींतल्या ब्राह्मण कुटुंबाचें असतें तसें घर. मोठ्या माणसाचें जन्मस्थान पाहावयास गेलेला मनुष्य भव्यता शोधतो आणि बहुधा निराश होतो. येथें निराश होण्याचें कारण नाहीं, कारण मनुष्य ज्या घरांतून निघतो त्या घराचें साधेपणच त्याची वाट किती लांबची होती तें सांगतें.

भिंतीवरील चित्रें पाहतां पाहतां प्रवासी मंडालेपाशीं येऊन थांबतो. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या न्यायालयानें टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशीं त्यांना बावन्न वर्षें पुरीं झालीं. कांहीं काळ साबरमतीस ठेवून त्यांना ब्रह्मदेशांत मंडालेच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. लांकडी फळ्यांची ती खोली, उन्हाळ्यांतला तो भयंकर दाह, हातीं पेन्सिल आणि मोजकीं पुस्तकें. १९१० च्या अखेरीस सुरू होऊन १९११ च्या आरंभीं संपलेलें ‘गीतारहस्य’ हें त्या खोलींतलें. १९१२ सालीं पुण्यांत त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ती बातमी त्यांना तेथेंच ऐकावी लागली. जून १९१४ मध्यें ते सुटले. एवढें प्रत्येक मराठी घरांत ठाऊक असतें. प्रवाशानें मंडाले हें नांव मात्र मनांत धरून ठेवावें. दुपारीं त्याचें काम पडणार आहे.

मधल्या वेळांत दोन ठिकाणें पाहून होतात. एक जिल्हा नगर वाचनालय. १८२८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडून दहाच वर्षें झालीं असतां, या कोंडलेल्या गांवांत ग्रंथालय निघालें. दुसरें पतितपावन मंदिर. अंदमानांतून आणलेले विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यांत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जावयाचें नाहीं, राजकारणांत पडावयाचें नाहीं, अशा अटी. १९२७ सालीं गांधीजी रत्नागिरीस आले तेव्हां दोघांची भेट झाली, ती येथेंच. राजकारणाचें दार बंद झाल्यावर सावरकरांनीं समाजसुधारणेचें काम हातीं घेतलें, आणि भागोजीशेट कीर या रत्नागिरीच्याच धनिकानें स्वतःच्या पैशानें मंदिर बांधून दिलें. सर्व जातींच्या हिंदूंना आंत थेट प्रवेश असणारें हें मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं उघडलें. त्या काळीं या गोष्टीनें गांवांत केवढी खळबळ झाली असेल, हें आजच्या शांत सभामंडपांत बसून कळणें कठीण आहे.

दुपारचें जेवण खाणावळींत घ्यावें. तांदळाची भाकरी, बांगड्याचें तिखलें, वर सोलकढी; न खाणाऱ्यांस कुळथाचें पिठलें आणि फणसाची भाजी. त्यानंतर गांव झोंपतें. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागतात, रस्त्यावर कुत्रेंहि दिसत नाहीं. हीच वेळ राजवाड्याला जाण्याची. रिक्षावाल्यास पत्ता सांगावा लागत नाहीं. “थिबा राजाकडे ना? बसा,” इतकेंच तो म्हणतो, जणू राजा आंत बसला आहे आणि पाहुण्यांची वाट पाहतो आहे.

गांवाच्या दक्षिणेस, भाट्याच्या खाडीवर नजर टाकणाऱ्या उंच सड्यावर हा वाडा उभा आहे. तीन मजले, उतरतीं छपरें, अर्धवर्तुळाकार लांकडी खिडक्या, त्यांवर नक्षी. १९१० सालीं तो पुरा झाला. सध्यां तेथें राज्याचें वस्तुसंग्रहालय आहे. कोंकणच्या सड्यावर हें ब्रह्मी घाटाचें बांधकाम प्रथम पाहतांना डोळ्यांना खटकतें, आणि मग वाटतें कीं तें खटकावें याचकरितां तेथें आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आंतच, तो मंडालेच्या सिंहासनावर बसला. तो कांहीं साधुपुरुष नव्हता. राज्यारोहणानंतर लवकरच राजघराण्यांतील कित्येक आप्तांची कत्तल त्याच्या कारकीर्दीवर डाग ठेवून गेली. परंतु इंग्रजांनीं त्याचें राज्य घेतलें तें त्या पापाबद्दल नव्हे. सागवानाचीं जंगलें, माणकांच्या खाणी, आणि फ्रेंचांशीं वाढणारा त्याचा घरोबा, हीं त्यांचीं कारणें होतीं. नोव्हेंबर १८८५ मध्यें सुरू झालेलें युद्ध पंधरा दिवसांत संपलें. महिनाअखेरीस राजा, त्याची पट्टराणी सुपयालत आणि परिवार यांना बोटीवर चढविण्यांत आलें. तेथून रंगून, मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरी. चार मुलींपैकीं तिसरी मद्रासेस जन्मली, चौथी रत्नागिरीस. वाडा बांधून होईपर्यंत चोवीस वर्षें हें कुटुंब येथील सरकारी बंगल्यांत राहिलें. नेमणूक मिळे, ती पुरेना. राजाला हिशेब ठाऊक नव्हता आणि सरकारला घाई नव्हती. मंडालेहून आणलेलीं माणकें एकेक करून विकलीं गेलीं. गांवाचें नांव रत्नागिरी, आणि तेथें एका राजाचीं रत्नें अशीं सरत गेलीं, ही योजना कोणा नाटककाराला सुचली असती तर टीकाकारांनीं ती ओढूनताणून आणलेली ठरविली असती.

आतां सकाळीं मनांत धरून ठेवलेलें नांव आठवावें. राजाला काढून नेल्यावर इंग्रजांनीं मंडालेच्या तटबंद राजनगरींत आपलें लष्कर ठेवलें, गव्हर्नर-जनरल डफरिन याचें नांव तिला दिलें, आणि त्याच तटांच्या आंत तुरुंग चालविला. १९०८ सालीं टिळकांना नेऊन ठेवलें तें त्या तुरुंगांत. म्हणजे १९१० पासून १९१४ पर्यंत, चार वर्षें, अशी स्थिति होती कीं मंडालेचा राजा रत्नागिरीच्या सड्यावरील नव्या वाड्यांत नजरकैदेंत होता, आणि रत्नागिरींत जन्मलेला मनुष्य मंडालेच्या राजतटाआड फळ्यांच्या खोलींत बसून गीतेवर लिहीत होता. सरकारच्या दफ्तरांत या दोन स्वतंत्र नोंदी होत्या. एक राजकीय पेन्शनर, दुसरा राजद्रोहाचा कैदी. दोघांच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवण्याचें दफ्तरदाराला कारण नव्हतें. रत्नागिरींत फिरणाऱ्या प्रवाशाला मात्र टिळक आळींतून निघून राजवाड्याच्या पायऱ्या चढण्याला अर्धा तासहि लागत नाहीं.

हा खेळ इंग्रजांना नवा नव्हता. १८५८ सालीं त्यांनीं दिल्लीच्या बहादुरशहाला रंगूनला पोचविलें होतें. तो १८६२ सालीं तेथेंच वारला. दिल्लीचा राजा ब्रह्मदेशांत, ब्रह्मदेशाचा राजा कोंकणांत. प्रजेनें राजाची वाट विसरावी, राजानें प्रजेची भाषा विसरावी, आणि दोघांच्या मध्यें एक समुद्र असावा, हें धोरण. थिबाच्या बाबतींत तें जवळ जवळ साधलें. टिळकांच्या बाबतींत अगदीं उलटें झालें. याचें कारण स्पष्ट आहे. टिळकांच्या मागें वृत्तपत्रें होतीं, वाचणारे होते, सहा वर्षें वाट पाहणारे लोक होते. थिबाच्या मागें त्याचें राज्य होतें, आणि तेंच राहिलें नव्हतें.

राजाच्या मरणाची कथा वाड्यांत सांगितली जातेच असें नाहीं. तिच्यासाठीं तेथून निघून थोड्या अंतरावर, आतां घरांच्या वस्तीनें वेढलेल्या जागीं जावें लागतें. थिबा डिसेंबर १९१६ मध्यें वारला. तीस वर्षें तो या गांवांत होता. मंडालेच्या सिंहासनावर सातच वर्षें होता. सुपयालतचा आग्रह असा कीं शव ब्रह्मदेशांत नेऊं द्यावें. सरकार तयार होईना, कारण जिवंत राजापेक्षां मेलेल्या राजाची समाधि लोकांना लवकर गोळा करते, हें त्यांना कळत होतें. राणी हटेना. दोन वर्षांहून अधिक काळ ती शवपेटी तशीच वाड्याच्या आवारांत राहिली. शेवटीं मार्च १९१९ मध्यें सरकारनें आपल्या अधिकारांत ती येथें समाधींत ठेवली; १९१२ सालीं वारलेली धाकटी राणी सुपयागले हिलाहि तेथेंच जागा मिळाली. राणी सुपयालत त्या समारंभाला गेली नाहीं. त्याच वर्षीं तिला मायदेशीं जाण्याची परवानगी मिळाली, पण ती रंगूनपर्यंतच. मंडालेला तिला जाऊं दिलें नाहीं. १९२५ सालीं ती रंगूनला वारली आणि तेथेंच पुरली गेली. दिल्लीच्या बादशहाची कबर आणि मंडालेच्या राणीची समाधि आज एकाच शहरांत आहेत.

समाध्या साध्या आहेत. फुलें क्वचित् दिसतात. डिसेंबर २०१२ मध्यें म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनीं येथें येऊन या राजाला वंदन केलें. तेव्हां कित्येक रत्नागिरीकरांनाहि ही जागा नव्यानें कळली. राजाच्या अस्थि मायदेशीं न्याव्या कीं येथेंच असूं द्याव्या, हा प्रश्न अधूनमधून निघतो. राजा अजून रत्नागिरींतच आहे.

त्याची थोरली मुलगीहि येथेंच राहिली. वाड्यावर नोकरीस असलेल्या एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. १९१९ सालीं ती कुटुंबाबरोबर रंगूनला गेली, पण पुढें मुलीला घेऊन रत्नागिरीस परत आली आणि १९४७ सालीं येथेंच वारली. राज्य गेलें, माणकें गेलीं, मानपान गेला. तिला जावयाला जागा म्हणून उरली ती हीच, जेथें तिच्या बापाला कैद करून आणलें होतें. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची ही नात मराठी बोलत, येथील सामान्य बायकांसारखा संसार करीत, वृद्ध होऊन २००० सालीं मरण पावली. इतिहासाच्या पुस्तकांत राजवंशाचा शेवट लढाईच्या तारखेनें होतो. येथें तो एका आळींत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मांडींवर डोकें ठेवून, शंभर वर्षांहून अधिक काळ लांबला. ज्या गांवानें हापुसाला मराठी केलें, त्यानें या राजकन्येच्या लेंकीलाहि केलें. तिनें किंवा गांवानें तें मागितलें होतें असें मात्र नाहीं.

ऊन उतरलें कीं वाड्याजवळच्या उंच टोंकावर यावें. खालीं काजळी नदी भाट्याच्या खाडींतून समुद्राला मिळते. राजिवड्याच्या होड्या वाळूवर ओढलेल्या दिसतात. पलीकडे भाट्याचा किनारा, त्यामागें सुरूंची रांग. दृश्य इतकें सुंदर आहे कीं सहलीला आलेल्या मुली-मुलांचा तेथें नेहमीं गजबजाट असतो. राजालाहि तें रोज दिसत असणार. तीस वर्षें पाहिलेलें सुंदर दृश्य मनुष्याला कसें वाटतें, हें त्याच्याशिवाय कोण सांगणार?

सूर्यास्ताच्या सुमारास प्रवासी मांडवीच्या धक्क्यावर येऊन पोचतो. येथील वाळू काळसर. भेळेच्या गाड्या लागतात, मुलें पाण्यांत उतरतात, कोणी म्हातारे गृहस्थ कठड्याला टेंकून बसतात. आगबोटींच्या दिवसांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर समुद्रांत नांगर टाकी आणि उतारू पडावांतून हेलकावे खात किनाऱ्याला येत. मुंबईस नोकरीला निघालेला मुलगा, बाळंतपणाला माहेरीं आलेली लेंक, सरकारी टपाल, आंब्याच्या करंड्या, सर्व त्याच पडावांतून. त्या बोटी आतां बंद झाल्या आहेत. धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मात्र त्यांच्या भोंग्याची वेळ अजून आठवते, आणि कोणी विचारलें तर ते ती सांगतात.

रात्रीच्या गाडीला अवकाश असतो. स्टेशन गांवापासून बरेंच दूर असल्यानें वेळेवर निघावें, आणि वाटेंत बाजारांतून पेटी घ्यावयाची असेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जातां पेटी उघडून, वरचा थर बाजूला करून, खालचे आंबे पाहून घ्यावे.